आधी कोणता प्रश्न, मग कोणता : मोजमापाची एक नवलाची गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



श्रीगणरायाला वंदन करून सुरुवात करतो. गणपती ही विद्येची देवता, तेव्हा उत्सवातली एक संध्याकाळ विज्ञानाला द्यावी ही कार्यकारिणीची कल्पना मला मनापासून आवडली. पत्रिकेत विषय छापला आहे, 'क्वांटम सिद्धांतातील मोजमाप'. तो वाचून दोघा-तिघांनी मला दारातच विचारले, "सर, गणित येणार का?" येणार, पण चौथीच्या पलीकडचे नाही. आणि आरती आठ वाजता आहे, हेही माझ्या लक्षात आहे.

आपण सगळे पोटापाण्यासाठी महाराष्ट्रातून येऊन जयपूरकर झालो. पाहुणे आले की त्यांना जंतर-मंतर दाखवणे हे आपले ठरलेले काम. तेथूनच सुरुवात करू. सवाई जयसिंहांची ही वेधशाळा १७३४ च्या सुमारास पूर्ण झाली आणि २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. जयसिंहांच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले म्हणून ओळखले जातात. त्यांनी युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. म्हणजे या शहरात मोजमापाच्या कामाला मराठी हात लागला, त्याला जवळजवळ तीनशे वर्षे झाली.

जयसिंहांचा विचार सरळ होता. पितळेची लहान यंत्रे झिजतात, हलतात, त्यांवरच्या खुणा बारीक करता येत नाहीत. तेव्हा यंत्र दगड-चुन्याचे आणि प्रचंड बांधा, चूक आपोआप कमी होईल. म्हणून सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, आणि २ सेकंदांपर्यंतची वेळ त्यावर वाचता येते. त्याच यंत्राच्या जिन्यालगतच्या कडेवरून सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे, हेही कळते.

आता मी एक खुळचट वाटणारा प्रश्न विचारतो. आधी वेळ वाचली आणि मग क्रांती वाचली, किंवा आधी क्रांती आणि मग वेळ, तर उत्तरांत काही फरक पडेल का? तुम्ही हसलात, ते बरोबरच आहे. सूर्याला काय पत्ता की जयपुरात कोणी त्याची सावली वाचते आहे! येथे आपण तीन गोष्टी न बोलता गृहीत धरल्या आहेत. मोजण्याआधीच ती किंमत तेथे आहे. मोजल्याने ती बदलत नाही. आणि दोन गोष्टी कोणत्याही क्रमाने मोजल्या तरी चालते. या तिन्ही समजुती अणूच्या जगात कोसळतात. कशा, ते आता डोळ्यांनी पाहू.

माझ्या हातात पोलरॉइडचे तीन तुकडे आहेत. चांगल्या प्रतीच्या गॉगलमध्ये असते तीच ही काच. आपल्यातले जे जौहरी बाजारात काम करतात त्यांना ही नवी नाही. रत्नपारखी लोकांच्या पोलरिस्कोपमध्ये असे दोन तुकडे असतात आणि त्यांच्या मध्ये खडा फिरवून पाहतात. तुरमलीचा लांबट खडा कोणत्या बाजूने पैलू पाडला तर काळा पडतो आणि कोणत्या बाजूने रंग उजळतो, हे इथले कारागीर पिढ्यान्पिढ्या जाणतात. त्यामागचे कारण हेच, की तुरमली एका दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देते आणि त्याला काटकोनातला बराचसा गिळते. याला ध्रुवण म्हणतात. डिरॅक या थोर शास्त्रज्ञाने १९३० साली क्वांटम मेकॅनिक्सवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात पहिल्याच प्रकरणात उदाहरण घेतले ते तुरमलीचे. जयपूरकरांनी अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे!

आता दिवे मालवा आणि बॅटरी लावा. पहिला तुकडा उभा धरतो. त्यातून आलेला प्रकाश 'उभा' झाला. त्यापुढे दुसरा तुकडा आडवा धरतो. पडद्यावर अंधार. उभ्या प्रकाशाला आडव्या दारातून वाट नाही. ठीक. आता हा तिसरा तुकडा ४५ अंशांत तिरपा करून त्या दोघांच्या मध्ये सरकवतो. पाहा, उजेड आला! अडथळा वाढवला तर उजेड कमी व्हायला हवा होता. आता तोच तिरपा तुकडा काढून सगळ्यांच्या शेवटी, आडव्याच्या पुढे ठेवतो. पुन्हा अंधार.

तुकडे तेच, त्यांचे कोन तेच. बदलला तो फक्त क्रम. उभ्या प्रकाशाला आधी तिरपा आणि मग आडवा तुकडा लावला तर उजेड. आधी आडवा आणि मग तिरपा लावला तर अंधार. पहिल्या तुकड्यातून १००० प्रकाशकण आले असे धरा. तिरप्यातून सरासरी ५०० जातात आणि त्यातले २५० आडव्यातून जातात. उलट क्रमात एकही पोहोचत नाही. पोलरॉइड थोडा प्रकाश उगाचच खातो, तो मी हिशोबात धरलेला नाही.

शाळेत आपण शिकलो की २ गुणिले ३ आणि ३ गुणिले २ सारखेच. पाठ्यपुस्तकात याला क्रमनिरपेक्षता म्हणतात. रोजच्या व्यवहारात मात्र क्रम लागतो. आधी मोजे, मग बूट. उलटे करून पाहा! काही मोजमापेसुद्धा अशीच क्रमावर अवलंबून असतात, हा आजच्या विषयाचा गाभा. सगळीच नसतात बरे का. या पोलरॉइडबरोबर लाल काच धरली तर लाल आधी किंवा पोलरॉइड आधी, उजेड तेवढाच येईल. रंग आणि ध्रुवण यांचे एकमेकांशी पटते. उभे-आडवे आणि तिरपे यांचे पटत नाही.

येथे एखादा चौकस विद्यार्थी हात वर करील, आणि त्याने तो करावाच. तो म्हणेल, "सर, आडव्या तुकड्याने प्रकाश गिळूनच टाकला, मग पुढे काय येणार? यात नवल कसले?" शंका रास्त आहे. म्हणून पोलरॉइडऐवजी कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक घेऊ. हे खनिज आपल्या राजस्थानातही सापडते. कागदावर ठिपका काढून त्यावर असा स्फटिक ठेवला तर दोन ठिपके दिसतात, कारण तो प्रकाश गिळत नाही, तर दोन वाटांनी वेगळा करतो. एका वाटेने उभा, दुसऱ्या वाटेने आडवा. स्फटिक ४५ अंशांत फिरवला तर एका वाटेने उजवीकडे तिरपा, दुसरीने डावीकडे तिरपा. म्हणजे प्रत्येक कणाला प्रश्न विचारता येतो आणि कोणी हरवत नाही.

आता १००० उभे कण घ्या. प्रश्न विचारा, "उभा की आडवा?" हजारच्या हजार उत्तर देतील, "उभा". पुन्हा विचारा, पुन्हा "उभा". उत्तर पक्के आहे. आता मध्येच दुसरा प्रश्न विचारा, "उजवा तिरपा की डावा तिरपा?" साधारण ५०० एकीकडे, ५०० दुसरीकडे. उत्तरांची नोंद करा. मग पहिला प्रश्न पुन्हा विचारा, "बाबांनो, तुम्ही उभे की आडवे?" हे तेच कण, ज्यांचे उत्तर मघाशी शंभर टक्के पक्के होते. आता त्यातले निम्मे म्हणतात "उभा" आणि निम्मे म्हणतात "आडवा". दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि त्याच क्षणी पहिल्या प्रश्नाचे जुने उत्तर रद्द झाले. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खिशात ठेवता येत नाहीत.

दोन प्रश्नांमधला कोन कमी केला तर ही मोडतोडही कमी होते. फक्त १० अंशांनी फिरवलेला तुकडा ठेवला तर हजारातले सुमारे ९७० पार होतात. असे दहा-दहा अंशांचे नऊ टप्पे केले तर उभा प्रकाश हळूहळू वळत आडवा होतो, आणि हजारातले सुमारे ७६० शेवटपर्यंत पोहोचतात. एक तुकडा मध्ये घातला तर २५०, नीट ओळीने जास्त घातले तर ७६०! मुलांनी घरी जाऊन कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहावे : १० अंशांच्या कोसाइनचा वर्ग, त्याचा नऊ वेळा गुणाकार.

जाणकार म्हणतील की पडद्यावरचा हा सगळा खेळ प्रकाशाला लहर मानूनही समजावता येतो. खरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मालुसने हा नियम सांगितला, तेव्हा क्वांटम हा शब्दही नव्हता. पण लहर अर्धी जाऊ शकते, कण अर्धा जात नाही. १९८६ साली पॅरिसजवळ ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी एकेक सुटा प्रकाशकण दुभागणाऱ्या आरशावर सोडून दाखवले की तो एका वेळी एकाच बाजूला सापडतो. आस्पे यांना पुढे २०२२ चे नोबेल मिळाले. म्हणून तिरप्या प्रश्नाला आपला उभा कण अर्धे-अर्धे उत्तर देऊ शकत नाही. 'हे' किंवा 'ते' असे एकच देतो. आणि कोणता कण काय म्हणेल, हे आधी सांगता येत नाही.

ही क्रमाची भानगड पहिल्यांदा कागदावर आली ती १९२५ च्या उन्हाळ्यात. तेवीस वर्षांचा हायझेनबर्ग परागकणांच्या त्रासाने हैराण होऊन हेल्गोलँड नावाच्या बेटावर गेला होता. अणूचे गणित मांडताना त्याला आढळले की दोन राशींचा गुणाकार उलट क्रमाने केला तर उत्तर वेगळे येते. त्याला ते खटकले. त्याचे गुरू मॅक्स बॉर्न यांनी ओळखले की हे तर मॅट्रिक्सचे गणित आहे. कणाची जागा आणि त्याचा संवेग यांचे दोन क्रमांचे गुणाकार सारखे नसतात, आणि त्यांतला फरक प्लांकच्या स्थिरांकाने ठरतो. बॉर्न यांच्या गटिंगेनमधल्या समाधीच्या दगडावर हेच सूत्र कोरले आहे. हेच बॉर्न १९३५-३६ मध्ये सर सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काही महिने राहून गेले. या शोधाला शंभर वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले.

मग सूर्याच्या बाबतीत क्रम का जाणवत नाही? कारण प्लांकचा स्थिरांक फार लहान आहे. आपल्या नेहमीच्या एककांत लिहायचा तर दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये आणि मग ६६२६. सूर्याच्या, किंवा आपल्या मोदकाच्याही वजनापुढे त्याची गिनती नाही.

आता एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की मोजताना कणाला धक्का लागतो, म्हणून अनिश्चितता येते. हायझेनबर्गने स्वतः १९२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाचे असेच उदाहरण दिले होते. ते मनात चटकन ठसते, पण अपुरे आहे. त्यातून असे वाटते की कणाकडे जागा आणि संवेग दोन्ही ठरलेले होतेच, आपला हात जड म्हणून ते बिघडले. हात हलका केला की झाले. म्हणजे पुन्हा जयसिंहांचाच मार्ग, यंत्र सुधारा! पण त्याच वर्षी केनार्डने आणि १९२९ मध्ये रॉबर्टसनने जे सिद्ध केले, त्यात धक्क्याचा उल्लेखच नाही. क्रमाने न पटणाऱ्या दोन राशींच्या किंमती एकाच अवस्थेत दोन्ही नेमक्या नसतात, एवढेच ते सूत्र सांगते. मोजमापाची चूक आणि त्याने होणारा बिघाड यांचे नाते हा वेगळा प्रश्न आहे. जपानच्या ओझावा यांनी २००३ मध्ये त्यासाठी वेगळे सूत्र मांडले, आणि २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर व टोरांटोत प्रकाशकणांवर ते तपासले गेले. धक्क्याचे जुने सूत्र जसेच्या तसे पाळले जात नाही, असे त्यात दिसले.

धक्क्याची कल्पना का अपुरी, हे आपल्या कॅल्साइटवरूनही कळते. तिरप्या स्फटिकाने दोन वाटा केल्या. त्या दोन्ही वाटा दुसऱ्या स्फटिकाने अगदी नेमकेपणाने परत एकत्र जुळवल्या, आणि कण कोणत्या वाटेने गेला याची कोठेही नोंद राहिली नाही, तर पुढे काय होते? सगळेच्या सगळे कण पुन्हा म्हणतात "उभा"! स्फटिकाच्या धक्क्याने उभेपणा मोडला असता तर तो असा परत आला नसता. तो मोडतो नोंद झाल्यावर. आणि ही नोंद माणसानेच करावी लागते असे नाही. एखादा डिटेक्टर पुरतो. वाटेवरच्या हवेतल्या एखाद्या रेणूवर खूण राहिली तरी पुरते. खोलीत कोणी असो वा नसो.

हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आपण रत्नांच्या बाजारपेठेत राहतो. 'निरीक्षकाच्या मनामुळे वास्तव घडते' असे एक अर्धवट वाक्य उचलून क्वांटम ऊर्जेची लॉकेटे, क्वांटम कडी असे काहीबाही विकले जाते. मघाशी तीन तुकड्यांनी जे केले ते तुमच्या-माझ्या इच्छेने बदलले नाही. तुम्ही सर्वांनी अंधार पडावा असे मनापासून म्हटले असते तरी त्या २५० कणांनी ऐकले नसते. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तू तपासल्या, त्यांत एक 'क्वांटम' लॉकेटही होते. त्या किरणोत्सर्गी निघाल्या, आणि वापरणे ताबडतोब थांबवा असा इशारा लोकांना द्यावा लागला. खडा सुंदर आहे म्हणून जरूर घ्या, घरची रीत म्हणून घ्या. पण त्यावर क्वांटम असे लिहिले आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका.

"मग या सगळ्याचा उपयोग काय?" हा आपला मराठी माणसाचा हक्काचा प्रश्न. दोन ठिकाणे सांगतो. पहिले आपल्या महाराष्ट्रातले.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. आपल्यातल्या अनेकांनी तेथे ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतले असेल. त्या परिसरात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी असे संकेत गोंगाटातून वेचून काढण्याच्या पद्धतींवर त्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून काम करत होते.

या वेधशाळेला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. टोकाला ४० किलो वजनाचे आरसे टांगलेले असतात, आणि लेसरने त्यांमधले अंतर सतत मोजले जाते. लहर आली की ते अंतर किंचित बदलते, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाएवढा बदलही टिपता येतो. जयसिंहांचे २७ मीटर आणि हे ४ किलोमीटर, विचार तोच : यंत्र मोठे करा. पण येथे तो विचार भिंतीला टेकतो. प्रकाश कमी वापरला तर थोड्याच कणांवरून अंदाज बांधावा लागतो आणि जागा धूसर कळते. प्रकाश वाढवला तर जागा नीट कळते, पण प्रकाशकणांच्या कमी-जास्त माऱ्याने आरशाचा संवेग अनिश्चित होतो. त्यामुळे पुढच्या क्षणी त्याची जागा कोठे असेल हे सांगता येत नाही. आत्ता जागा विचारली, तिची किंमत संवेगाने दिली, आणि ती पुढच्या जागेवर वसूल झाली. ४० किलोच्या आरशालाही हे चुकत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वेधशाळेत हे मोजून सिद्ध झाले.

यावर उपाय काय? निसर्गाचा नियम मोडता येत नाही, पण घासाघीस करता येते. प्रकाशाच्याही दोन न पटणाऱ्या राशी असतात. त्यातली ज्या वेळी जी हवी तिची धूसरता आवळायची आणि नको असलेलीची फुगू द्यायची. याला स्क्वीझ्ड लाइट, म्हणजे आवळलेला प्रकाश म्हणतात. २०१९ पासून तो या वेधशाळांत नियमित वापरला जातो. २०२३ पासून वेगवेगळ्या कंपनसंख्यांना वेगवेगळी धूसरता आवळण्याची सोयही अमेरिकेतल्या वेधशाळांत झाली. दुधाचे पातेले लहान आहे, मग कोणत्या मुलाला आधी द्यायचे हे आई ठरवते ना, तसेच! भारत सरकारने २०२३ मध्ये ६,००३ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर केली. तिच्यात संवेदन आणि मापन या विषयाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे आले आहे. आपल्या मुलामुलींना काम करायला येथे जागा आहे.

दुसरा उपयोग गुप्त निरोपांचा. १९८४ च्या डिसेंबरात बंगळूरला एक आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तीत बेनेट आणि ब्रसार या दोघांनी एक युक्ती मांडली. समजा, आत्या पुण्यात आहे आणि भाची जयपुरात. त्यांना एक गुप्त किल्ली, म्हणजे शून्य आणि एक यांची माळ ठरवायची आहे. आत्या एकेक प्रकाशकण पाठवते, कधी उभा-आडवा या भाषेत, कधी तिरप्या भाषेत, मनाला येईल तसे. भाचीही मनाला येईल त्या भाषेत प्रश्न विचारते. नंतर दोघी फोनवर फक्त भाषा जुळवतात. जेथे भाषा एकच निघाली तेवढे अंक ठेवतात, बाकीचे टाकून देतात.

आता मध्ये शेजारचे एक चौकस गृहस्थ कान लावून बसले आहेत. त्यांना कण पाहायचा तर प्रश्न विचारावाच लागेल, आणि कोणत्या भाषेत विचारायचा ते त्यांना ठाऊक नाही. निम्म्या वेळा चुकीचा प्रश्न जातो, आणि मघाशी पाहिलेच, चुकीच्या प्रश्नाने जुने उत्तर रद्द होते. मग भाचीचे उत्तर त्यातल्या निम्म्या वेळा चुकते. म्हणजे ठेवलेल्या अंकांत चारातला एक चुकीचा. दोघींनी थोडे अंक उघड ताडून पाहिले की बिंग फुटते. दहा अंक ताडले तर ते गृहस्थ सुटण्याची शक्यता शंभरात सुमारे सहा. चाळीस ताडले तर लाखात एक. आधी नक्कल करून मग सावकाश पाहू म्हणावे, तर अनोळखी कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हेही १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. मोजमापाने होणारी मोडतोड ही आपल्याला अडचण वाटत होती. येथे तीच राखणदार झाली.

आपल्या देशात इस्रोने मार्च २०२१ मध्ये अहमदाबादला ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून हे करून दाखवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, व्यापारी दर्जाच्या फायबरमधून हा प्रयोग केला. पुणे ते जयपूर एका दमात अजून अवघडच आहे, कारण फायबरमध्ये वाटेतच कण हरवतात, आणि नक्कल करून त्यांना वाढवता येत नाही. शिवाय नियम पक्का असला तरी यंत्र माणसानेच बनवलेले असते. २०१० मध्ये काही संशोधकांनी विकत मिळणारे डिटेक्टर झगमगीत प्रकाशाने दिपवून अशी प्रणाली फसवून दाखवली. तेव्हा 'कधीच न फुटणारे' अशी जाहिरात दिसली तर तिच्याकडेही जौहऱ्याच्या नजरेने पाहा.

शेवटी एकच सांगतो. मोजमापाने सत्य कळत नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट क्वांटम मेकॅनिक्सइतकी कसोटीला उतरलेली विद्या विज्ञानात क्वचितच सापडेल. उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे आणि तो प्रश्न कोणत्या क्रमाने विचारला, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर पुरे होत नाही, एवढे तिने आपल्याला शिकवले. मुलांनो, पुढे कोणी तुम्हाला क्वांटमच्या नावाने काहीही सांगितले तर नम्रपणे विचारा, "काका, तुम्ही नेमके काय मोजले? आणि आधी काय मोजले?"

हे तीन तुकडे मी येथे टेबलावर ठेवतो. आरतीनंतर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने क्रम बदलून पाहावा, मोठ्यांनीसुद्धा. 

गणपती बाप्पा मोरया!